वीज गेल्यानंतर संगणक सुरू होत नाही तेव्हा

वैशाखाच्या अखेरीस छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वळवाचा पाऊस येतो, तो वादळवारा आणि विजांचा कडकडाट घेऊनच. पैठण असो वा कन्नड, अशा सायंकाळी वीजपुरवठा खंडित होणे नवलाचे नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचा संगणक सुरू झाला नाही, तर जन्माचा दाखला किंवा नमुना ८ चा उतारा घ्यावयास आलेला ग्रामस्थ रिकाम्या हाताने परततो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक आहे. यास्तव अशा वेळी काय तपासावे, याची माहिती प्रत्येक कार्यालयात व शाळेत असणे अगत्याचे आहे.

हानी कशी होते?

वीज जाण्याइतकाच धोका ती परत येताना असतो. आपल्याकडे पुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट असतो. पुरवठा पूर्ववत होताना तो काही काळ खालीवर होऊ शकतो. म्हणून वीज जाताच संगणकाचा प्लग काढावा आणि दिवे व पंखे स्थिरपणे चालू लागल्यावरच तो पुन्हा जोडावा. विजा कडाडत असतील तर इंटरनेटची ताराही काढून ठेवावी, कारण त्या वाटेनेही दाब आत शिरतो.

तपासणीचा क्रम

१. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही : प्रथम त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. नंतर केबल, यूपीएस आणि पेटीमागील स्विच तपासावा. तरीही यश न आल्यास प्लग काढून सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे व प्लग पुन्हा जोडावा. असामान्य दाबामुळे काही एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतात. उरलेला विद्युतभार निघून गेल्यावर ते पुन्हा चालू होतात. एसएमपीएसची पेटी मात्र स्वतः कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तीत घातक विद्युतभार राहतो.

२. पंखा फिरतो, पण पडदा काळा : मॉनिटरचा प्लग व केबल पाहावी. 'बीप' असा आवाज येत असल्यास तो किती वेळा येतो याची नोंद करून तंत्रज्ञास सांगावी. प्लग काढून, पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. मग रॅमची पट्टी काढून नीट बसवावी.

३. संगणक सुरू होतो, पण तारीख जुनी दाखवतो : मदरबोर्डवरील ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. वीज असेपर्यंत हा दोष लपून राहतो. चुकीच्या तारखेमुळे अनेक संकेतस्थळे उघडत नाहीत आणि दाखल्यावरही चुकीची तारीख पडू शकते. बॅटरी बदलून तारीख दुरुस्त करावी.

४. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो : संगणक पुनःपुन्हा सुरू करू नये. डिस्कवरील नोंदींची प्रत काढून देण्यास तंत्रज्ञास प्रथम सांगावे, दुरुस्ती त्यानंतर.

पूर्वदक्षता

यूपीएस दिवसभर काम चालविण्यासाठी नसून काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी असतो. त्याची बॅटरी कालांतराने क्षीण होते. म्हणून पावसाळ्यापूर्वी ती तपासून घ्यावी. दररोज काम संपताना नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी व ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. निकामी झालेला एसएमपीएस बाजारातून नवा आणता येतो. गावाच्या नोंदी तशा आणता येत नाहीत.