पोटाचे डायलिसिस : घरी होणारी रक्तशुद्धी

डायलिसिस म्हटले की रुग्णाच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर यंत्र, खाट आणि आठवड्यातून तीन वेळा करावा लागणारा रुग्णालयाचा प्रवास उभा राहतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णासाठी दुसराही मार्ग आहे, तो म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस. त्याची माहिती आपल्याकडे फार थोड्यांना असते.

या पद्धतीत उदरपोकळीचे आतील नाजूक आवरणच गाळणीचे काम करते. पोटात कायम बसविलेल्या मऊ नळीतून सुमारे दोन लिटर द्रावण आत सोडतात. काही तासांत रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी त्यात उतरते. मग ते काढून ताजे द्रावण भरावयाचे. दिवसातून साधारण चार वेळा, दर खेपेस अर्धा-पाऊण तास. एरवी रुग्ण आपल्या कामाला मोकळा.

ही नळी टेंकॉफ यांनी १९६८ मध्ये विकसित केली आणि दिवसभर चालणारी ही पद्धत १९७६ मध्ये अमेरिकेत पॉपोविच व मॉनक्रीफ यांनी मांडली. तथापि तिची खरी परीक्षा जंतुसंसर्गाशी होती. जोडपिशवीच्या व्यवस्थेमुळे त्यात मोठा फरक पडला. ताजे द्रावण पोटात जाण्यापूर्वी थोडेसे थेट रिकाम्या पिशवीत सोडले जाते, त्यामुळे जोडणीच्या जागी शिरलेले जंतू बाहेरच वाहून जातात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार असा संसर्ग प्रतिरुग्ण वर्षाला ०.४ पेक्षा अधिक नसावा, म्हणजे सरासरी अडीच वर्षांत एकदा. तरीही बाहेर आलेले द्रावण गढूळ दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. यात दिरंगाई नको.

द्रावणातही सुधारणा झाली. नेहमीच्या द्रावणातील ग्लुकोज शरीरात शोषले जाते, ते मधुमेही रुग्णास त्रासाचे. दीर्घ काळ पोटात ठेवावयाच्या एका खेपेसाठी आता आयकोडेक्स्ट्रिन हा पर्याय आहे. रात्री झोपेत द्रावण आपोआप बदलणारे यंत्रही उपलब्ध आहे, मात्र ते महाग पडते. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या किंवा हर्निया असलेल्या काही रुग्णांना ही पद्धत मानवत नाही. निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञांचाच.

हाँगकाँगच्या सार्वजनिक रुग्णालयांनी १९८५ पासून या पद्धतीला प्रथम पसंती दिली. आपल्याकडे २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात तिचा समावेश २०१९ मध्ये झाला.

हिशेबाच्या दृष्टीने एक गोष्ट दात्यांपुढे ठेवावीशी वाटते. यंत्र हा भांडवली खर्च. त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. द्रावणाची पिशवी वापरून टाकून द्यावयाची, आणि एका रुग्णाला महिन्यास अशा सुमारे १२० पिशव्या लागतात. नळी बसविल्यानंतर हा पुरवठा एक दिवसही खंडित होऊन चालत नाही. म्हणून देणगीपत्रावर ‘डायलिसिस द्रावणासाठी’ असा स्पष्ट उल्लेख करावा, ही विनंती.