संगणकीय शब्दशोध आणि साहित्याचे अध्यापन : मूल्यमापनाचा एक निकष

साहित्याच्या अध्यापनात नवे साधन येते तेव्हा त्याविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांना जाऊन थांबते. साधनाचा स्वीकार म्हणजेच अध्यापनाची प्रगती, असा समज एका टोकाला असतो. यंत्रामुळे वाचनच संपुष्टात येईल, ही भीती दुसऱ्या टोकाला असते. साधन प्रत्यक्ष वाचनप्रक्रियेत नेमके काय करते, हा प्रश्न दोन्ही भूमिकांत बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात संगणकीय संहितेतील शब्दशोध या एका साधनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. पदव्युत्तर मराठीच्या विद्यार्थ्याला हे साधन आज भ्रमणध्वनीवरही उपलब्ध आहे; त्यामुळे ते वर्गात आणावे की नाही यापेक्षा ते कसे पारखावे आणि कोणत्या क्रमाने आणावे, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

शैक्षणिक तंत्रविज्ञानाच्या अभ्यासात या प्रश्नाची एक महत्त्वाची चर्चा झालेली आहे. अध्ययनाची फलनिष्पत्ती माध्यमावर नव्हे तर अध्यापनपद्धतीवर अवलंबून असते. माध्यम हे केवळ वाहन होय, असे प्रतिपादन रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये केले. प्रत्येक माध्यमाच्या काही अंगभूत क्षमता असतात आणि अध्ययनकर्ता त्या क्षमतांशी क्रिया करतो तेव्हाच ज्ञान घडते, अशी भूमिका रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ मध्ये मांडली. साहित्याच्या अध्यापकाला या वादातून एक उपयुक्त प्रश्न मिळतो : हे साधन संहितेच्या वाचनात असे कोणते कार्य करते, जे त्याच्यावाचून होत नव्हते? आणि त्या कार्याची मर्यादा वाचकाला दिसते की झाकली जाते?

शब्दशोधाचे सामर्थ्य उघड आहे. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या ‘ज्ञानेश्वरी’त एखादा शब्द कोठे कोठे येतो हे पाहण्यासाठी पूर्वी शब्दसूचीचा आधार घ्यावा लागे, आज ते काम क्षणात होते. परंतु या सुलभतेतच एक धोका दडलेला आहे. शोधलेला शब्द आढळला नाही म्हणजे तो संहितेत नाही, असा निष्कर्ष विद्यार्थी सहज काढतो. असा निष्कर्ष प्रबंधात गेला, की तो पुढील अभ्यासकांच्या दृष्टीने पुरावा ठरतो.

मराठीच्या बाबतीत या ‘न आढळण्या’ची किमान चार कारणे संभवतात. पहिले कारण व्याकरणिक आहे. विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी मराठी नामाचे सामान्यरूप होते. आधुनिक कवितेतील पर्जन्यप्रतिमांचा अभ्यास करणाऱ्याने केवळ ‘पाऊस’ हा शब्द शोधला, तर ‘पावसात’, ‘पावसाळी’ ही रूपे हाती लागत नाहीत. ‘देऊळ’ आणि ‘देवळात’, ‘मूल’ आणि ‘मुलाला’ यांच्या बाबतीतही हेच घडते. दुसरे कारण लेखनविषयक आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. तत्पूर्वीच्या मुद्रणात ‘नांव’ असे लिहिले जाई. त्या काळातील ग्रंथात ‘नाव’ शोधणाऱ्याला नामवाचक शब्द सापडत नाही. सापडते ती पाण्यावरची नाव.

तिसरे कारण लिपीच्या संगणकीय संकेतनात आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ दोन प्रकारे नोंदवला जातो : एका पद्धतीत ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा आधार घेतला जातो, दुसरीत साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावले जाते. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती भिन्न असू शकतात. युनिकोडपूर्व टंकांत तर मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असत. अशी संहिता रूपांतर केल्याशिवाय देवनागरीत शोधताच येत नाही.

चौथे कारण सर्वांत मूलगामी, म्हणजे पाठचिकित्सेचे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’चे शुद्धीकरण केले; आपणांस एकनाथपूर्व प्रत मिळाली असे सांगून वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. या परंपरांतील पाठ अनेक ठिकाणी वेगळे आहेत. पडद्यावरील संहिता कोणत्या आवृत्तीची आहे, याचा निर्देशच नसेल, तर शब्द सापडला तरी तो कोणाचा, हे सांगता येत नाही. मुद्रित ग्रंथाचे मुखपृष्ठ आणि प्रस्तावना ही जबाबदारी पार पाडत असत; संगणकीय संहितेत ती अनेकदा गळून पडते.

यावरून साधन त्याज्य ठरत नाही. त्याच्या मूल्यमापनाचा निकष मात्र स्पष्ट होतो. साधन किती वेगाने उत्तर देते यापेक्षा त्याच्या मौनाचा अर्थ वाचकाला लावता येतो की नाही, हे पाहिले पाहिजे. जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाशी तुलना केल्यास हा निकष अधिक स्पष्ट होईल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाद्वारे क्रमाने प्रसिद्ध होत आला आहे. तेथे निवडक ओव्यांसोबत गाणाऱ्या स्त्रीचे नाव, तिचे गाव आणि ध्वनिमुद्रणही मिळते. छापील ओवीत लय, पुनरावृत्ती आणि श्वासाची जागा हरवते. ध्वनिमुद्रण ती परत देते. येथे साधन मुद्रित माध्यमाला अशक्य असलेले कार्य करते, आणि ओवी कोणाची व कोठली हे सांगून आपल्या सामग्रीची मर्यादाही उघड ठेवते. मात्र जात्याच्या कामाच्या वेळी गायलेली ओवी आणि ध्वनिमुद्रणासाठी गायलेली ओवी यांतील अंतर लक्षात आणून देण्याचे काम अध्यापकाकडेच राहते.

हा निकष मान्य केल्यास साधनाच्या प्रवेशाचा क्रमही बदलतो. प्रारंभी संपूर्ण वर्गाने एकच लहान संहिता, उदाहरणार्थ एखादा अध्याय किंवा कवितासंग्रहातील एक भाग, छापील स्वरूपात वाचावा आणि ठरलेल्या शब्दाच्या नोंदी हाताने कराव्यात. त्यानंतर तोच शब्द संगणकीय संहितेत शोधावा. दोन याद्यांतील तफावत हाच पुढील तासाचा विषय ठरतो. शोधापूर्वी शब्दाची सर्व संभाव्य रूपे लिहून काढण्याची सवय लागली, की सामान्यरूप, लेखनभेद आणि पाठभेद हे परीक्षेपुरते पाठ केलेले विषय संशोधनाची हत्यारे बनतात. हाताने केलेल्या यादीतून निसटलेल्या जागा यंत्र दाखवते आणि यंत्राकडून निसटलेल्या जागा वाचक दाखवतो, हेही याच अभ्यासातून लक्षात येते.

अखेरीस मूल्यमापनाचे स्वरूपही याला अनुरूप असावे. साधन आवडले काय, या प्रश्नावलीतून विद्यार्थ्याच्या वाचनाविषयी काही कळत नाही. अपरिचित संहिता देऊन, तीत एखादा शब्द नाही असे विधान करण्यापूर्वी कोणती तपासणी केली, हे लिहावयास सांगावे. आवृत्तीचा निर्देश, शोधलेल्या रूपांची यादी आणि संशयित जागांचे प्रत्यक्ष वाचन या तीन गोष्टी उत्तरात आल्या, तर साधन वर्गात रुजले असे म्हणता येईल. त्या आल्या नाहीत, तर वर्गात यंत्र आले, पण अध्यापन मात्र पूर्वीच्याच ठिकाणी राहिले, असे मानावे लागेल.