बोटीवरच मुक्काम : स्कूबा सहलीचा धंदा आणि रिकाम्या बर्थचा हिशोब

कालच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, बीडला समुद्र कुठंय? बिंदुसरेत डायव्हिंग शिकवताय का?" बरोबर आहे. पण आपल्या बॅचमध्ये टूरवाले सात-आठ जण आहेत आणि बीडहून मालवणला गाड्या नेणारेही आहेत. त्यातल्याच एकाच्या नुकसानीमुळे हा विषय घेतला. वही-पेन घ्या.

आधी धंदा समजून घ्या. मालवण-तारकर्लीला जे होतं ते दिवसाचं काम. सकाळी होडी, थोडा वेळ पाण्याखाली, दुपारी माशाचं ताट. पण विजयदुर्गपासून पश्चिमेला साधारण 100 किलोमीटरवर भर समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे, आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला दिलंय. तिथं प्रवाळ आहे. ताशी 10 नॉट म्हणजे साडेअठरा किलोमीटरने बोट गेली तरी एका बाजूला साडेपाच तास. जाऊन-येऊन डायव्हिंग जमणारच नाही. अशा लांबच्या प्रवाळासाठी जगात बोटीवरच राहतात. मालदीव, इजिप्तचा तांबडा समुद्र, इंडोनेशियातलं राजा अम्पत, सगळीकडे हीच पद्धत. झोपणं, जेवणं, सिलिंडरमध्ये हवा भरणं, सगळं बोटीवर. दिवसाला तीनेक डाइव्ह.

मग आंग्रियाची सहल विकायची का? थांबा. त्या पठाराचा उथळ भागच सुमारे 20 मीटर खोल. ओपन वॉटर सर्टिफिकेटवाल्याची मर्यादा 18 मीटर, आणि पहिल्यांदाच हौसेने उतरणाऱ्याची 12. म्हणजे तुमच्या गाडीतला गिऱ्हाईक तिथं उतरूच शकत नाही. माल चांगला आहे, पण गिऱ्हाईक तुमचा नाही. जाहिरातीच्या आधी हे तपासायचं असतं.

आता हिशोब. आकडे समजण्यासाठी धरलेत, बाजारभाव नाहीत. बोटीत 16 बर्थ. डिझेल, खलाशी, देखभाल, हप्ता मिळून एका फेरीचा ठरलेला खर्च 9 लाख. माणूस आला की त्याचं जेवण, हवा, विमा 10 हजार. तिकीट 1 लाख. एका माणसामागे 90 हजार उरतात, म्हणजे 10 बर्थ भरले की खर्च निघाला. सोळा भरले तर 5 लाख 40 हजार नफा. आठच आले तर 1 लाख 80 हजार खिशातून.

आता कोणी म्हणतं, "सर, 20 टक्के सूट देऊ." दिली. माणसामागे 70 हजार उरले. आता खर्च निघायला 13 बर्थ लागतात! दहावरून तेरा. सूट 20 टक्केच, पण काम 30 टक्क्यांनी वाढलं.

बर्थ म्हणजे पिकलेलं सीताफळ. आज विकलं तर विकलं, बोट सुटल्यावर त्याला कोणी विचारत नाही. म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात 40 हजारालाही बर्थ दिला तर 30 हजार सुटतात. कागदावर बरोबर आहे. पण शेजारच्या बर्थवर लाख भरलेला माणूस बसलाय, आणि बोटीवर सहा दिवस गप्पा मारण्याशिवाय काम नसतं. माझं मत, शेवटच्या क्षणाची सूट देऊ नका. लवकर पैसे भरणाऱ्यालाच द्या.

आता आपल्या त्या विद्यार्थ्याचं. अंबाजोगाईकडचा पोरगा, मेहनती. 22 जणांकडून मालवणची पूर्ण रक्कम आधीच घेतली, हॉटेलला भरून टाकली. तारीख धरली मे महिन्याच्या शेवटची, कारण शाळांना सुट्ट्या. मे संपता संपता तिथलं जलपर्यटन बंद होतं, ते ऑगस्टअखेरपर्यंत. त्यात समुद्र आधीच खवळला. एकही जण पाण्यात उतरला नाही. हॉटेलने पैसे परत दिले नाहीत, आणि त्याच्याकडे अटींचा कागदच नव्हता. 22 घरं गावातलीच. त्याने बायकोचे दागिने गहाण ठेवून डायव्हिंगचे पैसे परत केले. अजून सोडवतोय.

आपल्या जिल्ह्याला उचल म्हणजे काय ते सांगायला नको. आधी घेतलेला पैसा आपला नसतो, तो कामाचा असतो. गिऱ्हाइकाचा अ‍ॅडव्हान्सही तसाच. वेगळ्या खात्यात ठेवा. हवामानामुळे डाइव्ह रद्द झाली तर काय, हे बुकिंगच्या दिवशीच मराठीत लिहून सही घ्या.

अजून एक खर्च कोणी धरत नाही. सर्टिफिकेटवाले गिऱ्हाईक सलग डाइव्ह करून आले, तर 600 मीटरच्या वर चढण्याआधी किमान 18 तास थांबायचा सल्ला असतो. तो विमानासाठी आहे असं लोक समजतात. पण आंबोली 690 मीटरवर आहे, बरं का! संध्याकाळी डाइव्ह आणि रात्रीच घाट, असं चालणार नाही. म्हणजे एक रात्र जास्त, ती कोटेशनमध्ये हवी.

दुसऱ्याच्या बोटीचे बर्थ विकत असाल तर रात्री जागता पहारा कोण देतं, हे नक्की विचारा. 2019 मध्ये कॅलिफोर्नियात कन्सेप्शन नावाच्या डायव्हिंग बोटीला रात्री आग लागली, 34 माणसं गेली. फिरती गस्त नव्हती.

आता गृहपाठ. तुमची गाडी 17 सीटची असेल तर वरच्याच पद्धतीने किती सीटला खर्च निघतो ते काढा, आणि 10 टक्के सूट दिली तर किती लागतील तेही. रविवारच्या लाइव्हला वही घेऊन बसा, तिथंच तपासू.