बधिर चट्टा आणि शिक्षकाची दृष्टी

वर्गात बराच वेळ मांडी घालून बसलेला विद्यार्थी उठू लागला, की त्याच्या पायाला मुंग्या येतात. क्षणभर तो लंगडतो, पाय झाडतो आणि खेळावयास पळतो. या साध्या अनुभवावरून आरोग्यशिक्षणाचा एक महत्त्वाचा पाठ देता येईल. मात्र सर्वच मुंग्या व सर्वच बधिरपणा असा निरुपद्रवी नसतो, हे शिक्षकाने प्रथम जाणून घ्यावे.

मेंदू व मज्जारज्जू यांपासून निघालेले मज्जातंतू बोटांच्या टोकांपर्यंत पसरलेले असतात. स्पर्श, उष्णता व वेदना यांची वार्ता मेंदूस पोचविणे, स्नायूंस हालचालीची आज्ञा देणे आणि घामाचे नियमन करणे, ही त्यांची कामे होत. बैठकीमुळे तंतूवर दाब पडला म्हणजे वार्ता खंडित होते. दाब निघताच थोड्याच वेळात ती पूर्ववत सुरू होते. परंतु जो बधिरपणा टिकून राहतो किंवा वाढत जातो, त्याची चौकशी केलीच पाहिजे. प्रौढांमध्ये मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनगटातील तंतूवरील दाब इत्यादी कारणे त्यामागे असू शकतात. शरीराची एक बाजू एकाएकी बधिर वा निर्बळ झाली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

शाळकरी मुलांच्या बाबतीत शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवावा असा रोग म्हणजे कुष्ठरोग. नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली याचा जंतू शोधून काढला. हा जंतू त्वचेत आणि त्वचेलगतच्या मज्जातंतूंत वास करतो. कोपराच्या आतील बाजूस हाडाला धक्का लागला, की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हे सर्वांस ठाऊक आहे. तेथे एक तंतू त्वचेच्या अगदी निकट आहे. कुष्ठरोगात पुष्कळदा हाच तंतू सुजतो. मग करंगळी व अनामिका बधिर होतात आणि उपचार न झाल्यास वाकतात.

या रोगाची फसवणूक अशी, की तो आरंभी दुखत नाही. गजकर्ण झालेले मूल खाजवते, म्हणून आईचे तिकडे लक्ष जाते. फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा चट्टा मात्र सदऱ्याखाली महिनोन्‌महिने राहून जातो. वेदना ही शरीराची राखणदार आहे. ती गेली म्हणजे तापलेल्या भांड्याने फोड आला तरी मूल रडत नाही आणि तळव्यात काटा रुतला तरी ते चालत राहते. अशा जखमा चिघळून पुढे बोटांची हानी होते.

शिक्षक मुलांस दररोज पाहतो. हातातून पेन्सिल वारंवार निसटणे, गुंडी लावता न येणे, पायातील चप्पल गळून पडल्याचे न कळणे, न दुखणारी जखम, अंगावरील चट्टा, यांपैकी काही आढळल्यास त्याने पुढीलप्रमाणे वागावे :

१. वर्गासमोर तपासणी करू नये व टाचणी टोचून पाहू नये. शिबे, कोड यांचेही डाग असतात. शिवाय मुलांच्या चट्ट्यावरील संवेदना आरंभी पूर्णपणे गेलेली नसते. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे.

२. पालकांशी एकांतात बोलावे व आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. रोग निश्चित झाल्यास घरातील इतरांचीही तपासणी करवून घ्यावी.

३. विद्यार्थ्यास शाळेतून दूर ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेला बहुविध औषधोपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतो. रोगाच्या प्रकारानुसार तो सहा किंवा बारा महिने चालतो व रोग बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची शक्ती लवकरच नाहीशी होते.

औषधाने जंतू मरतात. परंतु फार काळ निकामी राहिलेला तंतू पुन्हा सजीव होईलच असे नाही. म्हणून सहा महिने आधी पाठविलेल्या चिठ्ठीचे मोल एका सुदृढ हाताइतके असू शकते.

२००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाले, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि २०२३ साली भारतात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांत बालकेही होती. कुष्ठरुग्णांस वेगळे ठेवणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. २०१९ मध्ये घटस्फोटाच्या कारणांतूनही हा रोग वगळण्यात आला. कायद्याने जे सोडले, ते वर्गाने धरून ठेवू नये. ‘महारोगी’ हा शब्द चिडविण्यासाठी कोणी वापरल्यास शिक्षकाने तो तेथेच थांबवावा.

वर्गासाठी प्रश्न : (१) मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या का येतात? (२) वेदना आपले रक्षण कसे करते? (३) न दुखणारा चट्टा दिसल्यास कोणास सांगावे?