धागा तुटला की सुटला?

आपल्या काकती-निपाणी भागात बांधावर कुंपण म्हणून लावलेले घायपात कोणी पाहिले नाही? त्याच्या पानांतून निघणाऱ्या वाखाची दावी आणि कासरे घरोघर असत. नायलॉनची दोरी आली आणि वाख मागे पडला. आता हाच वाख प्लास्टिकमध्ये घालून पत्रे व मोटारींच्या आतील फळ्या करता येतात. अशा पदार्थास संमिश्र पदार्थ म्हणतात.

संमिश्रात भार मुख्यतः धागा सोसतो. पण तो धाग्यापर्यंत पोचवते प्लास्टिक. दोघांची पकड ढिली असेल, तर चिखलातून काडी निघावी तसा धागा निसटतो. वाख मुख्यतः सेल्युलोजचा; त्याला पाणी प्रिय. पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकला पाण्याचे वावडे. म्हणून ही पकड मुळातच कच्ची असते. ती मोजायची कशी?

सर्वांत सोपी रीत म्हणजे धागा ओढून काढणे. एका धाग्याचे टोक ठरावीक लांबीपर्यंत वितळलेल्या प्लास्टिकमध्ये किंवा पातळ रेझिनमध्ये बुडवून ते घट्ट होऊ द्यावे. मग दुसरे टोक यंत्राच्या चिमट्यात धरून सावकाश ओढावे. धागा सुटतेवेळी लागलेल्या सर्वाधिक ओढीला बुडालेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने भागले की सरासरी बंधबल मिळते.

उदाहरण घेऊ. धाग्याचा व्यास ०.२ मि.मी., बुडालेली लांबी ५ मि.मी., ओढ १२.५६ न्यूटन. पृष्ठभाग ३.१४ × ०.२ × ५ = ३.१४ चौरस मि.मी. म्हणून बंधबल ४ न्यूटन प्रति चौरस मि.मी.

आता समजा, धाग्याची स्वतःची ताकद ५०० न्यूटन प्रति चौरस मि.मी. आहे. तो १५.७ न्यूटनला तुटेल. म्हणजे ६.२५ मि.मी.पेक्षा खोल बुडवला, तर तो सुटण्याआधी तुटेल, आणि आपण मोजू ती धाग्याची ताकद, जोडाची नव्हे! प्रत्यक्ष पदार्थात धाग्याच्या दोन्ही टोकांकडून भार शिरतो. म्हणून त्याची पूर्ण ताकद वापरायची तर लांबी याच्या दुप्पट, १२.५ मि.मी., हवी. केली आणि टायसन यांनी १९६५ साली तांब्यात टंगस्टनच्या तारा घालून हीच 'क्रांतिक लांबी' विशद केली.

येथे एक मोह टाळावा. तुटलेले नमुने 'बिघडले' म्हणून पुष्कळ जण फेकून देतात. पण बहुधा ज्यांची पकड सर्वांत चांगली, तेच तुटतात. ते वगळले की सरासरी खोटी ठरते. अशा वेळी कमी खोलीचे नवे नमुने करावेत. शिवाय वाख तारेसारखा गोल नसतो; त्याचा परीघ सूक्ष्मदर्शकाखाली अनेक ठिकाणी मोजावा.

पकड वाढवण्यासाठी वाख कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात धुतात. मेण व इतर द्रव्ये निघून पृष्ठभाग खरबरीत होतो. द्रावण तीव्र झाले तर मात्र धागाच दुबळा होतो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन थोडे मिसळल्यास ते दोघांमध्ये दुव्याचे काम करते.

शेवटची परीक्षा पाण्याची. वाख पाणी पिऊन फुगतो, वाळला की आकसतो, आणि जोड सैल होतो. बेळगावचा पावसाळा ज्याला सोसायचा आहे, त्या पदार्थाचे नमुने पाण्यात भिजवून पुन्हा ओढून पाहिलेच पाहिजेत. बांधावरच्या घायपाताला पुन्हा मोल यायचे असेल, तर ते अशा प्रामाणिक आकड्यांवरच येईल. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, वहीत आकडा लिहिण्यापूर्वी एवढे जरूर लिहा : धागा तुटला की सुटला?