लहान मुलांचा कान का फुटतो?

थंडी सुरू झाली की आमच्या निघोजे, कुरुळी, महाळुंगे भागात रात्रभर रडलेली मुले सकाळी दवाखान्यात येऊ लागतात. दोन दिवस सर्दी, मग ताप. मूल सारखा कान ओढते, दूध पीत नाही. पहाटे उशीवर पू दिसतो आणि रडणे एकदम थांबते. आई सांगते, "डॉक्टर, आंघोळीला कानात पाणी गेलं." पण पडदा धड असताना बाहेरचे पाणी मधल्या कानात पोचतच नाही.

जंतू येतात ते नाकाच्या मागून. तिथून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. मोठ्यांत ती तिरपी असते, तान्ह्यांत आखूड व जवळजवळ आडवी. सर्दीने ती सुजून बंद झाली की कानात पाणी साचते आणि त्यात जंतू वाढतात. मुख्य जंतू तीन: न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा आणि मोरॅक्झेला. एरवी ते निरोगी मुलांच्या नाकातही गुपचूप असतात.

यांपैकी न्यूमोकोकस सर्वांत त्रासदायक. न्यूमोनिया व मेंदूज्वर करणाराही हाच. त्याची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते: ६व्या व १४व्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. त्याच्या सगळ्या जाती तिच्यात नाहीत, तरी ती चुकवू नये. "पेंटा दिलंय की," असे पालक म्हणतात. पेंटातली हिमोफिलसची लस 'बी' जातीवर आहे. कान फोडणारा हिमोफिलस बहुधा निराळा असतो.

औषधाचेही तसेच. अमॉक्सिसिलीन हे पहिले औषध खरे, पण जवळजवळ सर्व मोरॅक्झेला व काही हिमोफिलस ते निकामी करणारे द्रव्य तयार करतात. शेजारच्या मुलाची उरलेली बाटली आपल्या मुलाला पाजणे म्हणूनच धोक्याचे. दोन वर्षांवरील मुलाचे दुखणे सौम्य असेल तर नुसत्या पॅरासिटामॉलवर दोन-तीन दिवस वाट पाहता येते, मात्र डॉक्टरांनी कान पाहिल्यावरच. अँटिबायोटिक सुरू केले तर सांगितले तितके दिवस द्यावे. आणि कोमट तेल? ते भाजीत घाला. फुटलेल्या पडद्यातून ते थेट आत जाते.

कानामागे सूज व लाली आली, कान पुढे ढकललेला दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दुखणे थांबल्यावरही आतले पाणी कित्येक आठवडे राहते आणि मूल हाकेला ओ देत नाही. म्हणून महिना-दीड महिन्याने कान पुन्हा तपासून घ्यावा.