इंजेक्शनआधी लिव्हर मोजा

पोटात वारंवार दुखायचं म्हणून वयाच्या 48व्या वर्षी मी सोनोग्राफी केली. पित्ताशय स्वच्छ निघालं. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत मात्र ‘ग्रेड एक फॅटी लिव्हर’ असं होतं. “हे आजकाल बहुतेकांना असतं, वजन कमी करा,” एवढं डॉक्टरांकडून ऐकून मी घरी आले आणि कागद फाइलला लावून टाकला. आमच्या घरात दारूचा थेंब कुणी घेत नाही, मग लिव्हर कशाने बिघडेल, असा माझा पक्का समज होता. पाळी थांबत आली होती, वजन 78 किलो होतं, शाळेतल्या नोकरीत दिवसाला सहा कप गोड चहा सहज व्हायचा. पाळी थांबल्यावर बाईच्या लिव्हरमध्ये चरबी साठण्याचा धोका वाढतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

सहा वर्षं अशीच गेली. मग नणंदेला तिच्या डॉक्टरांनी मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. ती बारीक झाली, चेहरा उजळला. “वहिनी, तुम्हीपण सुरू करा. भूकच लागत नाही,” असं ती मनापासून म्हणाली. मेडिकलमध्ये मला चिठ्ठी कुणी मागितली नाही. नणंद तेव्हा जो डोस घेत होती, तोच मी पहिल्या दिवशी घेतला. ती तिथवर टप्प्याटप्प्याने पोचली होती, हे मी विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी उलट्यांनी इतकी गळून गेले की सलाइन लावावं लागलं. तरीही डोस कमी करून मी चालूच ठेवलं, कारण काटा खाली येत होता.

चार महिन्यांत नऊ किलो उतरले. सगळे कौतुक करत होते. जेवण म्हणजे चहा, दोन बिस्किटं आणि रात्री थोडा वरणभात. त्या श्रावणात एका सवाष्णीच्या जेवणाला पाटावर बसले आणि हात टेकल्याशिवाय उठताच येईना. चरबीबरोबर मांड्यांचे स्नायूही गेले होते. पुढच्याच महिन्यात उजव्या बरगडीखाली असह्य कळ आली. या वेळच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. फार झपाट्याने वजन उतरलं की असे खडे होऊ शकतात. मी घाबरून इंजेक्शन बंद केलं. भूक परत आली, सवयी जुन्याच होत्या, सहा महिन्यांत सात किलो परत चढले.

यानंतर पहिल्यांदा मी लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी माझी जुनी फाइल मागितली आणि कागदावर एक गणित मांडलं. वय गुणिले एसजीओटी, हे वरती. खाली प्लेटलेटचा हजारांतला आकडा गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. वरच्याला खालच्याने भागायचं. माझ्या 48व्या वर्षीच्या रक्ततपासणीतले आकडे होते एसजीओटी 50, एसजीपीटी 64 आणि प्लेटलेट 2 लाख 10 हजार. म्हणजे 2400 भागिले 1680, उत्तर 1.43. या गणिताला फिब-4 म्हणतात. उत्तर 1.3 च्या आत असेल तर व्रण पडून लिव्हर कडक झालं असण्याची शक्यता कमी, 2.67 च्या वर असेल तर बरीच, आणि मधे असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून पाहायची. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी खालची मर्यादा 2 धरतात. माझं उत्तर सहा वर्षांहून जास्त काळ त्या फाइलमध्ये पडून होतं. आता फायब्रोस्कॅन केला तर कडकपणा 10.2 किलोपास्कल आला. सोनोग्राफीतला ‘ग्रेड’ चरबी किती ते सांगतो, लिव्हरवर व्रण किती पडले ते सांगत नाही. आणि खरा धोका व्रणांचा असतो.

डॉक्टरांनी इंजेक्शनला वाईट म्हटलं नाही, आणि मीही म्हणणार नाही. आपण जेवल्यावर आतडं जीएलपी-1 नावाचं हार्मोन सोडतं. ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं आणि इन्सुलिनला मदत करतं. शरीरातलं हे हार्मोन काही मिनिटांत संपतं. इंजेक्शनमधलं औषध त्याचीच टिकाऊ नक्कल आहे. अशा औषधांतलं सेमाग्लुटाइड ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या सूज आणि मध्यम ते बऱ्याच व्रणांच्या अवस्थेसाठी मंजूर झालं. 72 आठवड्यांच्या चाचणीत ते घेणाऱ्या सुमारे 63 टक्के रुग्णांची सूज व्रण न वाढता गेली, नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण 34 टक्के होतं. व्रण कमी होण्याचे आकडे अनुक्रमे 37 आणि 22 टक्के. फायदा खरा आहे, पण प्रत्येकाला होतोच असं नाही. त्याआधी मार्च 2024 मध्ये तिथे रेस्मेटिरॉम ही गोळी मंजूर झाली होती. लिव्हरमध्ये थायरॉइड हार्मोन ज्या जागी काम करतं, तिथे ती काम करते. म्हणून कुणी थायरॉइडची नेहमीची गोळी लिव्हरसाठी घेऊ नका, त्याने हृदयाची लय बिघडू शकते.

माझ्या चुकांतून हाती आलेलं सांगते. इंजेक्शन दुसऱ्याच्या सांगण्यावरून किंवा दुसऱ्याच्या डोसने कधीही घेऊ नका. सेमाग्लुटाइडची सुरुवात 0.25 मिलिग्रॅमपासून होते आणि डोस साधारण चार-चार आठवड्यांनी वाढवतात. सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याने वापरू नये. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल, स्वतःला पूर्वी स्वादुपिंडाची सूज आली असेल, दिवस राहिले असतील किंवा राहावेत असं वाटत असेल, तर हे आधीच डॉक्टरांना सांगा. इन्सुलिन किंवा साखरेच्या इतर गोळ्या चालू असतील तर त्यांचा हिशोब नव्याने करावा लागतो. पोटात कळ येऊन ती पाठीकडे जात असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भूक कमी झाली तर जे थोडं खाल ते कामाचं खा. आता माझ्या ताटात रोज मूग किंवा मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, एक अंडं असतं. चहा दोन वेळा, बिनसाखरेचा. आठवड्यातून पाच दिवस चालते आणि तीन दिवस खुर्चीवरून हात न लावता उठण्याबसण्याचा व्यायाम करते. सहा महिने हे अंगवळणी पडल्यावर डॉक्टरांनी सगळ्यात छोट्या डोसने इंजेक्शन पुन्हा सुरू केलं, आणि ते कधी, कसं थांबवायचं हेही तेव्हाच बोलून ठेवलं. वजन पाच टक्के उतरलं की लिव्हरमधली चरबी घटू लागते, सात टक्क्यांपुढे सूज उतरू लागते, दहा टक्क्यांपुढे व्रणही भरू शकतात. वर्षभरात मी 70 किलोवर आले आणि कडकपणा 7.8 वर उतरला.

तुमच्या घरात कुणाच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ लिहिलेलं असेल, तर ती फाइल आज बाहेर काढा. वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट हे चार आकडे एका कागदावर लिहा आणि त्याच कागदासकट डॉक्टरांसमोर बसा. इंजेक्शन घ्यायचं की नाही, हे त्यानंतर ठरवा.